आतल्या काचेवरच्या वन-वे व्हिजनमधून आरपार दिसतंय? ते कमी करण्याचे उपाय

वन-वे व्हिजन ही मुळात रस्त्याकडच्या काचेवर लावायची, चित्र छापलेली भोकांची फिल्म. दुपारी बाहेर हजारो लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड असतो आणि दुकानात जेमतेम तीनशे-चारशे. त्यामुळे रस्त्यावरून फक्त चित्र दिसतं आणि दुकानातून रस्ता दिसतो. हीच फिल्म कॉन्फरन्स रूमच्या पार्टिशनवर, मॉलमधल्या गाळ्याच्या काचेवर किंवा क्लिनिकच्या केबिनला लावली की तक्रार ठरलेली: चित्र फिकं वाटतंय आणि आतली माणसं दिसतायत. मग फिटर प्रिंटरवर ढकलतो आणि प्रिंटर म्हणतो, मटेरियल एक नंबर आहे. बऱ्याचदा मटेरियल खरोखरच ठीक असतं. गडबड असते ती काचेच्या दोन बाजूंच्या उजेडात. म्हणून नवी फिल्म मागवण्याआधी पुढचा हिशेब बघा. निम्मी कामं दिव्यांच्या बटणांवरच सुटतात.

हिशेब काय आहे

फिल्मच्या पुढच्या बाजूला पांढऱ्या विनाइलवर प्रिंट असते, मागची बाजू काळी असते आणि साधारण १.५ मिलिमीटरची भोकं सगळीकडे सारख्या अंतरावर असतात. बघणाऱ्याच्या डोळ्यात एकाच वेळी दोन उजेड येतात. एक चित्रावरून उलटलेला, दुसरा भोकांतून आलेला आतल्या खोलीचा. पहिला जितका भारी, तितकं चित्र ठळक.

समजा ६०/४० फिल्म आहे, म्हणजे ६० टक्के प्रिंट आणि ४० टक्के भोकं. ती बघणाऱ्याच्या बाजूला लावली आहे आणि काचेच्या दोन्ही बाजूंना सारखाच, १०० भाग उजेड आहे. चित्र फिक्या रंगाचं आहे आणि पडलेल्या उजेडातला ६० टक्के परत फेकतं. तर चित्राचा उजेड ३६ भाग. आत पांढऱ्या शर्टातला माणूस आहे, तोही ६० टक्के परत फेकतो. त्यातला भोकांतून आणि काचेतून गाळून बाहेर येतो सुमारे २२. छत्तीसला बावीस म्हणजे माणूस दिसणारच.

आता याच जागी एकेक बदल करून पाहू. ७०/३० फिल्म घेतली तर ४२ ला १६. जुनीच फिल्म ठेवून आतला उजेड निम्मा केला तर ३६ ला ११. काचेच्या मागच्या बाजूला ३५ टक्के उजेड सोडणारी टिंट (काळपट पारदर्शक फिल्म) लावली तर ३६ ला ८. उजेड निम्मा आणि टिंट दोन्ही केलं तर ३६ ला ४. ढोबळ अंदाज असा ठेवा की पाचपट फरक असेल तर सरळ चालत जाणाऱ्याला आतलं फारसं जाणवत नाही, आणि दहापटीला हलणारी माणसंही चित्रात विरून जातात.

उलट बाजूही बघा. डिझायनरने गडद नेव्ही ब्लू पार्श्वभूमी दिली असेल, जी जेमतेम ६ टक्के उजेड परत फेकते, तर चित्राचा उजेड ४ आणि आतला २२. म्हणजे चित्राच्या जागी आतली खोलीच दिसते. गडद चित्र सगळं झाकेल हा समज मुंबईतल्या कितीतरी लॉबींमध्ये महागात पडलेला आहे.

आधी तपासणी, मग खर्च

मोबाइलवर लक्स मोजणारं कुठलंही ॲप घ्या. आकडा अगदी अचूक नसला तरी दोन बाजूंची तुलना करायला पुरतो. फोन काचेजवळ तिला समांतर, सेन्सर काचेच्या उलट दिशेला, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर धरा आणि चित्राच्या बाजूचं व खोलीच्या बाजूचं असं वेगवेगळं मोजा. चालू ऑफिसमध्ये टेबलावर ३०० ते ५०० लक्स आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये १०० च्या आसपास असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे चित्र पॅसेजकडे तोंड करून असेल तर हिशेब सुरुवातीपासूनच उलटा आहे. तिथे ७०/३० काय, कुठलीही भोकांची फिल्म एकटीने जिंकणार नाही.

रस्त्याकडच्या दुकानाची तपासणी दुपारी करून उपयोग नाही. मुंबईत डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे. दादरच्या रानडे रोडसारख्या बाजारात गर्दी असते ती त्यानंतर. दिवे लागल्यावर फुटपाथवरून बघा. पावसाळ्यात भर दुपारीही आभाळ इतकं दाटतं की बाहेरचा उजेड एकदम खाली येतो, तेव्हा एकदा बघून ठेवा.

मग आतले दिवे एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी बाहेर येऊन पाहा. कुठला दिवा घात करतो ते पाच मिनिटांत कळतं. बहुतेक वेळा तो काचेपासून पाच-सहा फुटांतला सीलिंग पॅनेल असतो, नाहीतर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उजेड टाकणारा स्पॉट. फोटो काढून तुलना करायची असेल तर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर फोन स्वतःच उजेड सांभाळून घेतो आणि आधीचा-नंतरचा फोटो सारखाच दिसतो.

दिवे

आतल्या बाजूला काचेलगतच्या दिव्यांची ओळ वेगळ्या स्विचवर घ्या. फॉल्स सीलिंग झालेलं असलं तरी हे काम अवघड नसतं, कारण दोन-तीन पॅनेलचा लूप तोडून एक वायर स्विचबोर्डापर्यंत न्यायची असते. डिमर बसवायचा असेल तर दिव्याचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारी छोटी डबी) डिमेबल आहे ना, ते आधी बघा. साध्या ड्रायव्हरवर डिमर लावला तर दिवा लुकलुकतो आणि ड्रायव्हर लवकर जातो. मुंबईतल्या लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी मिळतात, तेव्हा विकत घेताना ‘डिमेबल’ असं स्पष्ट सांगा आणि डब्यावर तपासा.

काचेसमोरची मागची भिंत पांढरी असेल तर आतल्या माणसांच्या सावल्या त्यावर उठून दिसतात. ती भिंत गडद राखाडी रंगवली की आरपार दिसणं बरंच कमी होतं, आणि खर्च एका दिवसाच्या रंगकामाचा. टीव्ही आणि कॉम्प्युटरचे स्क्रीन काचेकडे तोंड करून ठेवू नका. बाकी सगळं झाकलं गेलं तरी उजळ स्क्रीन भोकांतून दिसतोच.

चित्राच्या बाजूला उजेड वाढवायचा असेल तर ट्रॅक लाइट किंवा वॉल वॉशर (भिंतीवर सारखा उजेड पसरवणारा दिवा) लावा. १० फूट लांब, ८ फूट उंच पॅनेल म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. त्यावर ५०० लक्स हवे असतील तर पृष्ठभागावर सुमारे ३,७०० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) पोचायला हवेत. निघालेल्या उजेडातला साठ टक्केच नेमका तिथे पडतो असं धरलं तर दिव्यांची बेरीज ६,२०० च्या आसपास. म्हणजे १,६०० ल्युमेनचे चार स्पॉट. वॅट बघून दिवे घेऊ नका, डब्यावरचे ल्युमेन वाचा. दिवे काचेपासून दोन ते तीन फुटांवर छतात ठेवून तिरपे खाली मारा. समोरून सरळ मारले तर काचेत दिव्याचंच प्रतिबिंब चमकतं, शिवाय उजेड भोकांतून आत जाऊन आतल्या वस्तू उजळवतो, म्हणजे केलेलं काम उलट होतं. तिरपा उजेड आत गेला तरी जमिनीवर पडतो.

रस्त्याकडच्या दुकानात संध्याकाळसाठी बाहेरच्या छज्ज्याखाली असेच दिवे टाइमरवर लावावेत, पण टाइमर वर्षभर एकाच वेळेवर ठेवू नये. डिसेंबर आणि जूनच्या सूर्यास्तात तासाहून जास्त फरक आहे.

डिझाइन

ज्या पट्ट्यात नजर जाते, म्हणजे जमिनीपासून साडेतीन ते सहा फूट, तिथे फिके रंग ठेवा: पांढरा, पिवळा, फिका निळा, स्किन टोन. गडद भाग वर किंवा खाली ढकला. सपाट एकरंगी जागेपेक्षा पानं, जाळी, गर्दीचा फोटो असं भरगच्च चित्र जास्त चांगलं झाकतं, कारण मागची हालचाल त्यात वेगळी ओळखू येत नाही. अक्षरांची रेघ भोकाच्या कित्येक पट जाड हवी. १० मिलिमीटरपेक्षा बारीक रेघेचा फोन नंबर भोकं खाऊन टाकतात. बारीक मजकूर लागणारच असेल तर तो साध्या विनाइलचं कटिंग करून वेगळा लावा.

फिल्म निवडताना

फिल्म विकणारे ६०/४०, ७०/३० म्हणतात तेव्हा पहिला आकडा बहुधा प्रिंटचा असतो, पण सगळे तसं म्हणत नाहीत. "भोकं किती टक्के?" असंच विचारा. खात्री करायची तर स्टीलची पट्टी लागते. भोकं ज्या ओळीत सगळ्यात जवळजवळ आहेत ती ओळ धरा आणि ११ भोकांच्या, म्हणजे १० अंतरांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. भोक १.५ मिलिमीटरचं असेल तर ५० टक्के फिल्मला सुमारे २० मिलिमीटर येतात, ४० टक्केला २२.५ आणि ३० टक्केला २६. भोकाचा आकार वेगळा असेल तर भोकाचा व्यास भागिले एका अंतराची लांबी, त्याचा वर्ग, गुणिले ०.९१. हे गणित एकाआड एक सरकवलेल्या ओळींचं आहे, आणि बाजारात बहुतेक तसलीच फिल्म असते.

आतल्या जागेसाठी ५०/५० घेऊ नका. आतून बाहेर स्पष्ट दिसण्याची गरज नसेल तर ७०/३० घ्या. मागची बाजू काळी कुळकुळीत आहे का तेही तपासा. स्वस्त मालात ती राखाडी असते. फिल्मवर टॉर्च मारून भोकं सोडून बाकीच्या जागेतून उजेड झिरपतोय का ते बघा. झिरपत असेल तर रात्री आतल्या दिव्याने अख्खं चित्र धुरकट होणार.

काचेच्या आतून लावलेली फिल्म

मुंबईतल्या बीकेसी-लोअर परळच्या टॉवरमध्ये बाहेरून काही लावायची परवानगी बहुतेकदा नसते, आणि सहाव्या मजल्यावर बाहेरून फिटिंग करणार कोण? म्हणून फिल्म आतून आणि चित्र बाहेरच्यांसाठी, असा आग्रह होतो. यासाठी पारदर्शक भोकांची फिल्म लागते. तिच्यावर उलटं, आरशातलं चित्र छापतात: आधी रंग, त्यावर पांढरा, त्यावर काळा. पांढऱ्या शाईचा एकच पास (थर) दिला तर मागचा काळा रंगांमधून वर येतो आणि चित्र मळकं दिसतं. दोन पास मागा. काळा थर वगळला तर आतला उजेड पांढऱ्यातून झिरपतो आणि आत बसलेल्यांना चित्राची उलटी छाया दिवसभर दिसत राहते. पूर्ण काम छापण्याआधी एक फूट बाय एक फूट नमुना छापून त्याच काचेवर चिकटवून बघा.

यात एक सापळा आहे. काच टिंटेड असेल तर बाहेरचा उजेड चित्रापर्यंत जाताना एकदा गाळला जातो आणि परत येताना पुन्हा. आतल्या खोलीचा उजेड मात्र एकदाच गाळला जातो. ५० टक्के उजेड सोडणाऱ्या काचेवर आपला वरचा हिशेब धरला तर चित्र ९ भागांवर येतं आणि आतला माणूस १२ वर. साध्या काचेवर हेच २९ ला २२ असतं. म्हणजे टिंटेड काच आपल्याला मदत करेल असं वाटतं, पण आतून लावलेल्या फिल्मला ती मारते. आरशासारख्या रिफ्लेक्टिव्ह काचेवर तर बाहेरच्याला आकाशच दिसतं. अशा काचेवर हे काम न घेणं बरं, आणि ग्राहकाला तसं आधीच सांगावं.

मागे दुसरा थर

फिल्म लागून गेलीय आणि काढायची नाही, अशा वेळी काचेच्या दुसऱ्या बाजूला काय लावायचं याचे तीन पर्याय आहेत.

न्यूट्रल ग्रे टिंट, ३५ टक्के उजेड सोडणारी. चित्र ठळक होतं आणि आतून बाहेरचंही थोडंफार दिसत राहतं. ती साबणाच्या पाण्याने लावतात, तेव्हा पाणी काचेच्या कडेवरून दुसऱ्या बाजूच्या भोकांत जाणार नाही याची काळजी घ्या. कडेला मास्किंग टेप आणि खाली कोरडं कापड ठेवा. नवं काम असेल तर आधी टिंट, ती सुकली की मग वन-वे. पावसाळ्यात टिंटमधलं पाणी पूर्ण निघायला तीन-चार आठवडे लागू शकतात, तोपर्यंतचा धूसरपणा म्हणजे खराबी नव्हे. पश्चिमेचं ऊन थेट पडणाऱ्या साध्या काचेवर मात्र गडद टिंट धोक्याची, काच असमान तापून तडकू शकते. कोपऱ्यात टफन्ड (ताप सोसणाऱ्या, कडक केलेल्या) काचेचा शिक्का आहे का ते पाहा. आतल्या पार्टिशनला हा प्रश्न नाही.

फ्रॉस्टेड फिल्म. माणसं ओळखू येणं बंद होतं, नुसते ठिपके-आकार हलताना दिसतात. पण आत दिवा लागला की फ्रॉस्टेड स्वतःच दुधाळ उजळते आणि तो उजेड प्रत्येक भोकातून बाहेर येऊन चित्राचे रंग धुऊन टाकतो. आडोसा महत्त्वाचा असेल तर फ्रॉस्टेड घ्या, चित्र महत्त्वाचं असेल तर ग्रे टिंट.

रोलर ब्लाइंड, काळ्या स्क्रीन कापडाचा, ३ किंवा ५ टक्के ओपननेसचा, म्हणजे विणीत तेवढीच उघडी जागा असलेला. फिल्म आतल्या बाजूने असेल तेव्हा हाच सोयीचा, कारण तिच्या काळ्या पाठीवर ओली टिंट नीट बसत नाही. कापड काळंच घ्या. पांढरं घेतलं तर तेही फ्रॉस्टेडसारखं उजळतं. दुकानदार संध्याकाळी सहाला ब्लाइंड सोडतो आणि सकाळी गुंडाळतो, एवढंच काम.

एक प्रयोग मात्र करू नका: काचेच्या दोन्ही बाजूंना भोकांची फिल्म. दोन जाळ्या एकमेकींवर सरकून लहरींसारखी नक्षी उमटते, जी चालताना डोळ्यांसमोर नाचते. ती नंतर कशानेही जात नाही.

फिटिंगमधल्या चुका ज्याने आरपार वाढतं

फिल्म ओढून लावली की गोल भोकं लांबट होतात आणि उघडी जागा वाढते. कोपऱ्यात हे हमखास होतं. वरच्या कडेचा सहा ते आठ इंच लायनर (गोंदावरचा कागद) सोलून, मधून दोन्हीकडे, फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने (फिल्म दाबायच्या पट्टीने) दाबत खाली या. ताण हाताला जाणवला तर उचलून पुन्हा टेकवा. काम कोरडंच करायचं, पाणी मारलं तर ते भोकांत अडकतं आणि गोंद सुटतो. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसा. पावसाळ्यात एसी चालू ठेवून काच दमट नाही याची खात्री करा, बोट फिरवलं की कळतं. छापून आलेला रोल सॉल्व्हंट प्रिंटचा असेल तर निदान एक दिवस मोकळा ठेवूनच लावा.

रबरी गॅस्केटपासून ३ ते ५ मिलिमीटर जागा सोडावी लागते, नाहीतर कड उचलते. रात्री ही फट एका उजळ रेघेसारखी दिसते. तिच्यावर काचेच्या मागच्या बाजूने काळ्या विनाइलची ८-१० मिलिमीटर पट्टी लावा. जोड शक्यतो मधल्या ॲल्युमिनियम पट्टीवर येईल असा ठरवा. रोल साधारण साडेचार किंवा पाच फुटी असतो, त्यामुळे काचेची मापं बघून प्रिंटआधीच भाग पाडता येतात. एकावर एक चढवलेला जोड गडद पट्टा बनून दिसतो.

इमारतीच्या आतल्या कामाला लॅमिनेशन गरजेचं नाही. कुणी मॅट लॅमिनेशन सुचवलं तर त्याने भोकांवर धुरकट पापुद्रा येतो आणि आरपार दिसणं खरंच कमी होतं, पण आतून बाहेरचंही धूसर होतं. ते चालणार असेल तरच घ्या.

वन-वे नकोच अशा जागा

भोकांना डोळा टेकवून बघणाऱ्यापासून कुठलीही फिल्म वाचवत नाही. पाच मीटरच्या पुढून भोकं नजरेत विरतात, पण चार फुटी पॅसेजमध्ये माणूस काचेला खेटूनच चालतो. ट्रायल रूम, डॉक्टरची तपासणीची खोली, जिममधली बदलण्याची जागा, बँकेतली रोकड मोजण्याची केबिन इथे भोकांची फिल्म लावू नका. तिथे ग्रे-बॅक किंवा ब्लॅकआउट विनाइलवर (भोकं नसलेल्या, आरपार न दिसणाऱ्या) चित्र छापा. दोन्हीकडे चित्र हवं असेल तर काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक ब्लॅकआउट प्रिंट. आतून बाहेर बघायला जागा हवीच असेल तर त्या विनाइलमध्ये नजरेच्या उंचीवर तीन-चार इंचांची मोकळी पट्टी ठेवा, तेवढ्या पट्टीवर ग्रे टिंट.

आणि फायर एक्झिटच्या दारावरच्या काचेवर, किंवा अग्निशमन दलासाठी उघडण्याच्या म्हणून खूण केलेल्या काचेवर, चित्र कितीही सुंदर असलं तरी काही लावू नका. इमारतीच्या मॅनेजरकडून त्या काचांची यादी माप घ्यायच्या दिवशीच मागून घ्या, म्हणजे प्रिंट झालेलं पॅनेल उरत नाही.